वीस तेत्री

आमच्या इमारतीची लिफ्ट फुकट वर जात नाही.
आत पत्र्याची डबी, डबीला फट,
फटीत वीस तेत्री टाकले की ती कण्हत निघते.
खाली यायला पैसे पडत नाहीत.
त्बिलिसीत उतरणं नेहमीच स्वस्त.

मी ओतिया. आठवा मजला. निवृत्त, भूगोल.
तीस वर्षं पोरांकडून नद्या पाठ करून घेतल्या
आणि परवा मंगळवारी, बटाट्यांची पिशवी घेऊन,
खालच्या फलकासमोर उभा राहिलो
जणू गॅसच्या थकबाकीची यादी
मला फारच गोडीची वाटते.
खिशात नाणं नव्हतं.
म्हणजे होतं, पन्नासचं;
पण डबी पन्नास गिळते आणि सुटे देत नाही.
जिना होता.
गुडघ्यांबद्दल न बोललेलं बरं.

कुणीतरी येईल, त्याच्याबरोबर जाऊ, म्हटलं.
आली ती त्सियाला.
चौथा मजला. डबीची किल्ली हिच्याच गळ्यात,
क्रूसाला खेटून.

अकरा वर्षं अबोला आहे आमचा.
कारण सांगितलं तर हसाल:
तिने बाल्कनीत वाळत घातलेल्या
आंबट आलुबुखारच्या पोळ्या,
आणि वरून ठिबकलेलं माझ्या शर्टाच्या निळीचं पाणी.
लामारा माफी मागायला गेली, पदरचे अक्रोड घेऊन.
अक्रोड संध्याकाळी परत आले.
मोजले. दोन कमी.
ते दोन अक्रोड पुढे कित्येक वर्षं
आमच्या ताटाशी जेवायला बसत.
आता लामारा नाही.
अक्रोडांचं मी एकटाच बघतो.

तिने नाणं टाकलं, चार दाबलं.
मी मागून शिरलो, हळूच आठ दाबलं.
मध्ये बटाटे.
ती माझ्याशी नाही, भिंतीशी बोलली:
"काही लोक भूगोल शिकवतात
आणि डोंगर दुसऱ्याच्या पैशाने चढतात."
भिंतीने काही उत्तर दिलं नाही.
मीही.

सकाळी फलकावर कागद, जांभळी शाई.
*आठवा मजला. मंगळवार. लिफ्ट, चौथ्यापासून पुढे.
दहा तेत्री येणे.*
चौथ्यापर्यंतचा प्रवास तिने स्वतःच्या नावावर धरला होता.
हिशेबाला चोख बाई.

दिवसभरात सगळ्यांनी वाचलं.
तिसऱ्या मजल्यावरचा झाझा
नमस्काराऐवजी दहा बोटं दाखवून गेला.
ते चाललं असतं.
पण पाचव्यावरचा बादरी, सातवीतला पोर,
त्याने मला दहा तेत्री देऊ केले.
अदबीने, दोन्ही हातांनी.
ते लागलं.

रात्री सगळीकडे सामसूम झाल्यावर खाली गेलो.
कागद फाडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू.
तर लिफ्टमधला ट चुकलेला.
आमच्या लिपीत ट दोन आहेत,
एक दगडासारखा, एक फुंकरीसारखा.
तिने फुंकर लिहिली होती.
मी लाल पेन काढलं, दगड ठेवला,
आणि सवयीने खाली गुण दिले:
दहापैकी सात.

गुरुवारी नवा कागद.
ट बरोबर.
येणे पंधरा. *पाच कागदाचे.*

मग मी भट्टीवरच्या बाईकडून पाव घेताना
सुटे मागून घेतले, दहा आणि पाच,
मुठीत धरून जिन्याने निघालो.
चौथ्यावर थांबलो. दाराआड रेडिओ,
आणि आलुबुखार शिजल्याचा तो आंबट वास,
जिभेच्या मुळाशी पाणी आणणारा.
घंटीवर बोट ठेवलं. दाबलं नाही.
सहाव्यावर पायरीवर बसून
पावाचं टोक मोडून खाल्लं.

कागद अजून तिथेच आहे.
दारातून ऊन येतं, शाई उडते.
उडाली की ती खाली येते, चष्मा लावून
अक्षर न् अक्षर पुन्हा गिरवते.
मी वरून, दोन जिन्यांच्या मधल्या पोकळीतून पाहिलंय.
ट जरा जास्तच दाबून काढते.